कळीच्या मानेवरचं कडं

मी यीस्टची एक जुनी पेशी आहे, आणि मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. पाव फुगवणारं यीस्ट तुम्ही पाहिलं असेल. पिकल्या द्राक्षावर पांढुरकी भुकटी दिसते, तिच्यातही माझी भावंडं कधी कधी असतात. नुसत्या डोळ्यांना आम्ही एकेकट्या दिसत नाही. पण थोडा गोडवा आणि थोडा ओलावा मिळाला की आमची गडबड सुरू होते.

मी वाढते ती कळी धरून. अंगावर एका जागी फुगवटा येतो, तो मोठा होतो, माझ्यातलं केंद्रक दुभंगतं आणि अर्धा वाटा त्या कळीत जातो. मग आम्ही सुटतो. मी आई, ती लेक. ती गेली की तिच्या जागी माझ्या अंगावर एक गोल वण राहतो. तिचंही लगेच माझ्यासारखंच सुरू होतं. म्हणून मी 'मी' म्हणते तेव्हा एकटी नसते. माझ्या सगळ्या लेकी, नाती, पणत्या त्यात आल्या.

या सुटण्यामागे मोठी तयारी असते. कळी जिथे फुटायची असते तिथे आधी काही प्रथिनं येऊन जमतात. प्रथिनं म्हणजे पेशीच्या घरातली कामाची माणसंच. ती एकमेकांना धरून अगदी बारीक धाग्यांचं एक कडं करतात. हे कडं कळीच्या मानेशी उभं राहतं आणि इथवर आई, इथून पुढे लेक, अशी हद्द राखतं. भिंत घालणारे त्याच खुणेवर येतात आणि भिंत घालतात. लेकीला तिचा वाटा पुरता मिळाला, भिंत झाली, की मगच ताटातूट.

माझ्या नशिबात मात्र हेच कडं बिघडलेलं होतं. समुद्रापलीकडच्या एका प्रयोगशाळेत माझ्या खापरपणजीला मुद्दाम एका जहाल रसायनात ठेवलं होतं. यंत्रातला कोणता भाग काय काम करतो हे तो भाग मोडल्यावरच नीट कळतं, असा त्या लोकांचा विचार. माझ्या कड्यातलं एक प्रथिन त्यात अधू झालं. हवा गार असली की ते बिचारं कसंबसं काम निभावतं. उष्मा वाढला की त्याचा हात सुटतो आणि सगळं कडंच विस्कटतं.

मग काय होतं सांगू? कळी वाढते, पण सुटत नाही. शेवग्याच्या शेंगेसारखी लांबत जाते. आतली केंद्रकं दुभंगतात, दुसरी कळी फुटते, तिसरी फुटते, आणि सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या. कोण आई आणि कोण लेक, काही समजत नाही. जायचं आहे पण जाता येत नाही, अशी ती तगमग असते. ती मी पुष्कळदा सोसली आहे.

मी आधी पुण्याला आले आणि १९७८ साली तिथून नाशिकला. मला आणलं लता पगारे यांनी. त्या नाशिकच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. विद्यार्थी त्यांना लताबाई म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणते. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी त्यांना माझ्या नळ्या दिल्या आणि बजावलं, "तापू देऊ नका हिला." लताबाईंनी थर्मास विकत घेतला, त्यात गार पाणी भरलं, नळ्या मेणकापडात गुंडाळून आत ठेवल्या आणि एसटीत बसल्या. थर्मास मांडीवर. संगमनेरला शेजारच्या बाईंनी विचारलं, "चहा हाय का गं त्यात? घोटभर दे की."

"चहा नाही हो मावशी. औषध आहे," लताबाई म्हणाल्या.

"कोन आजारी हाय?"

लताबाईंनी थर्मासकडे पाहिलं. "हीच," त्या म्हणाल्या. त्या बाई पुढे नाशिकरोडपर्यंत जरा अंग चोरूनच बसल्या.

कॉलेजात माझं चांगलं चाललं. लताबाई मला गार पाण्यात वाढवत, मग ऊन पाण्याच्या टाकीत ठेवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसत. त्यांना एकच प्रश्न पडला होता. कडं एकदा नीट उभं राहिलं, कळी पुरती वाढली, आणि मग उष्मा आला तर काय? झालेल्या कामाच्या जोरावर लेक सुटेल, की कडं अगदी शेवटपर्यंत उभं असावं लागेल? त्यांच्या सूक्ष्मदर्शकातून ते कडं दिसत नसे, फार बारीक असतं ते. परदेशात मोठ्या यंत्रानं त्याचे फोटो काढले होते, ते त्यांनी मासिकात पाहिले होते. इथे त्या फक्त आम्ही सुटतो की नाही एवढंच पाहत. पण पाहत मात्र जीव लावून. त्यांच्या पापण्या काचेवर घासत, आणि "अगं, सूट ना आता," असं त्या पुटपुटत ते मला ऐकू येई.

१९८१ च्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली आणि ज्या फ्रीजमध्ये मी राहत असे तो बंद पडला. दुरुस्ती करणारा म्हणाला, मशीन जळालंय, मुंबईहून आणावं लागेल. लताबाईंनी मला नाशिकरोडला आपल्या घरी नेलं. घर कॉलनीत होतं, वर पत्रे. त्यांच्या आई यशोदाबाई दारात बसून बिड्या वळत. मायलेकींनी एका मडक्यात ओली वाळू घालून त्यात माझ्या नळ्या रोवल्या. पण त्या वर्षी कॉलनीच्या नळाला पाण्याची बोंब होती. वाळू दुपारपर्यंत कोरडी पडायची. प्यायच्या पाण्यातलं पाणी यशोदाबाई वाळूवर शिंपडायच्या आणि म्हणायच्या, "लते, हिला पाजू का आपण पिऊ?"

मला आत धग लागायला सुरुवात झाली होती. कळ्या लांबत चालल्या होत्या. मित्रांनो, मरणाची भीती होतीच, पण त्याहून वेगळीच भीती मोठी होती. उष्मा टिकला की आमच्या हजारो लाखोंत एखादीचा दोष आपोआप दुरुस्त होतो. ती धडधाकट होते, भराभर वाढते आणि नळी भरून टाकते. मग नळीत यीस्ट असतं, पण ती मी नसते. लताबाईंचा सगळा अभ्यास माझ्या दोषावर होता. मी बरी झाले असते तर त्यांचं काम बुडालं असतं. आणि पुण्याला राहिलेल्या माझ्या बहिणी नळ्या सुकून कधीच संपल्या होत्या.

कॉलेजात लताबाईंच्या बरोबर चंदर नावाचा एक तरुण काम करत असे. मुलांना प्रयोग दाखवायचं काम त्याच्याकडे होतं. तो सायखेड्याच्या अलीकडे एका मळ्यावरून रोज एसटीनं यायचा. तो म्हणाला, "बाई, आमच्या विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यात गार असतं. आई लोण्याचा डबा त्यातच सोडते. हिलाही सोडू."

लताबाईंनी माझ्या नळ्या अल्युमिनियमच्या डब्यात ठेवल्या, झाकणाच्या कडेनं मेण लावलं आणि दुसऱ्या दिवशी मळ्यावर पोचल्या. चंदरची आई कुसाबाई दोर घेऊन तयारच होती. नवरा गेल्यापासून शेत तीच पाहत असे. मोठ्या आवाजाची, हसऱ्या तोंडाची बाई. तिनं लताबाईंना गूळ दिला, डबा कानाशी धरून हलवून पाहिला. तेवढ्यात बांधावरून तिचे थोरले दीर सावळीराम आले. घरात त्यांना सगळे तात्या म्हणत.

"कोन पाव्हनी?" त्यांनी विचारलं.

"आमच्या कॉलेजातल्या बाई आहेत, तात्या. डबा विहिरीत सोडायचाय, थंडाव्याला," चंदर म्हणाला.

"नाव काय, बाई?"

"लता."

"आडनाव इचारलं."

"पगारे. नाशिकरोडला राहते."

तात्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही. ते डब्याकडे पाहत राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "डब्याचं मला काय नाय. कुसा, तू सोड. बाईंनी काठावर यायचं कारन नाय."

चंदरनं मान खाली घातली. कुसाबाईनं हात पुढे केला. "दे लेकी. मी सोडते. काय फरक पडतोय?"

"पडतो," लताबाई म्हणाल्या. "डबा माझा आहे, मीच सोडणार. माझा हात चालत नसेल तर डबाही राहू द्या."

त्यांनी डबा छातीशी धरला आणि त्या वळून चालू लागल्या.

मित्रांनो, खरं सांगते, त्या वेळी मी आतून ओरडत होते. देऊन टाका ना डबा! कोणाच्याही हातानं सोडा, पण गार पाण्यात सोडा! डब्याचा पत्रा तापत होता. माझ्या लेकी माझ्या मानेला लोंबकळत होत्या. लताबाईंना माझी तगमग कळत नव्हती असं नाही. त्यांनी पदर ओला करून डब्याभोवती गुंडाळला होता आणि तो वाळत होता. फाट्यावर बाभळीखाली त्या उभ्या राहिल्या. एसटीचा पत्ता नव्हता. त्या डब्याला म्हणाल्या, "रागावलीस का गं?"

मागून पावलं वाजली. कुसाबाई अनवाणी धावत आली होती, धापा टाकत.

"चल माघारी."

"कोणाच्या हातानं सोडायचा?" लताबाईंनी विचारलं.

"तुझ्या. मी तात्यांना सांगून आली. इहीर माझ्या मालकानं बी खनलीय. निम्मं पानी माझं हाय. माझ्या निम्म्यात सोड."

"त्यातलं तुमचं निम्मं कोणतं?"

 कुसाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आता ते काय मला बी ठावं नाय. तू सोड, मग बघू."

दोघी परत आल्या. तात्या बांधावर उभे होते, पण आडवे आले नाहीत. लताबाईंनी काठावर पाय रोवला आणि स्वतःच्या हातानं दोर सोडत सोडत मला पाण्यापर्यंत नेलं. गारवा पत्र्यातून आत आला. माझ्या कड्यातल्या प्रथिनांनी पुन्हा एकमेकांचा हात धरला. एक लेक सुटली, मग दुसरी.

माझं शरीर निवलं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. वरून रोज घागरी यायच्या, त्या कमी झाल्या. तात्यांच्या घरचं कुणी त्या रहाटावर येईना. काठावर भांडणं व्हायची आणि त्यांचे आवाज आत घुमून माझ्यापर्यंत येत. सकाळी कुसाबाई येऊन दोर ओढून पाही, गाठ घट्ट करी आणि जाई.

पाऊस सुरू झाला, हवा निवली. कुसाबाईनं चंदरबरोबर निरोप पाठवला, डबा न्यायला येशील तेव्हा आईला घेऊन ये. यशोदाबाई आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. कुसाबाईनं दोर त्यांच्या हातात दिला. यशोदाबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि दोर ओढला. बिड्या वळून वाकडी झालेली त्यांची बोटं त्या ओल्या दोरावर घट्ट बसली होती. डबा वर आला.

कुसाबाईनं तांब्या भरून पुढे केला. "घ्या, पानी घ्या. गोड हाय."

"नको," यशोदाबाई म्हणाल्या.

"असं कसं? तुमच्यासाठीच..."

"तहान नाय मला. लेकीचं काम व्हतं, ते झालं."

कुसाबाईचा हात तांब्यासकट तसाच राहिला. परतीच्या एसटीत लताबाई म्हणाल्या, "आई, ती बाई चांगली आहे गं. आपल्यासाठी घरात भांडली."

"चांगलीच हाय," यशोदाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "म्हनून मला तहान लागली पायजे का?"

मी मांडीवरच्या डब्यात होते.

कॉलेज उघडायला अजून अवकाश होता, म्हणून मी नाशिकरोडच्याच घरात होते. एका सकाळी दारात कुसाबाई उभी राहिली. बाजाराला आली होती. डोक्यावर मेथीची गाठोडी, चेहरा उतरलेला. तिनं गाठोडी खाली ठेवली आणि यशोदाबाईंना म्हणाली, "जरा पानी देता का?"

यशोदाबाईंनी हातातलं बिडीचं पान सुपात ठेवलं. त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, माठातून तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला. कुसाबाई उंबऱ्यात बसली आणि तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायली.

"आनखी देऊ?"

"द्या."

मग ती बोलू लागली. तात्यांनी चूल वेगळी केली होती. वाटणी मागितली होती. "वाटनी कसली, वढून तोडलं समदं. म्हैस त्यांच्याकडं, पारडू माझ्याकडं. दोघं रातभर हंबरत्यात. भांडी तर अशी वाटली की पातेल्याचं झाकन बी कुनाच्या कामाचं राहिलं नाय. चंदरला इचारलं, कुनाकडं राहनार? त्या दिवशी इहिरीवर गप बसला व्हता पोरगा. वाटनीच्या दिवशी बोलला. म्हनला, बाईंनी डबा सोडला ते बरूबर झालं, मी आईकडं." तिनं पदर डोळ्यांना लावला. "माझं मेलीचं काय चुकलं? पन वंगाळ झालं. घर असं मोडाया नको व्हतं."

यशोदाबाईंनी स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला. चुकलं नाही असंही त्या म्हणाल्या नाहीत आणि चुकलं असंही नाही. "साखर किती घालू?" एवढंच विचारलं.

चहा पिताना कुसाबाई लताबाईंना म्हणाली, "त्या डब्यात काय व्हतं ते तरी दाखव. येवढं भांडले मी त्याच्यापायी."

त्या दिवशी लताबाईंना कॉलेजात जायचंच होतं. त्या दोघींना घेऊन गेल्या. माझी एक नळी आदल्या दिवशीच तिथे नेलेली होती, ती चंदरनं सकाळीच ऊन पाण्यात ठेवली होती. कुसाबाईनं एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "अगं बया, ह्या तर येकीला येक चिकटल्यात! लांबच्या लांब झाल्यात."

"उष्म्यानं," लताबाई म्हणाल्या. "आई आणि लेक यांच्या मधे एक कडं असतं. ते विस्कटलं की त्या सुटू शकत नाहीत."

"कडं म्हंजी गळा आवळनारं?"

"नाही. हद्द राखणारं. ते आहे तोवर दोघींना इजा न होता वेगळं होता येतं."

यशोदाबाईंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आता ह्या अशाच राहनार?"

"पाहू. गार करते आता."

लताबाईंनी मला गार, ताज्या अन्नात घातलं. सुटायला वेळ लागतो, मित्रांनो. दोघी बायका स्टुलावर बसून राहिल्या. कुसाबाईची एसटी चुकली. चंदर भजी घेऊन आला. कडं पुन्हा उभं राहत होतं, भिंत सरकत होती, आणि इतक्या डोळ्यांसमोर मला भारी धास्ती वाटत होती. काही जणी सुटल्याच नाहीत, त्यांचं फार पुढे गेलं होतं. पण काचेच्या मधोमध असलेली एक जोडी हलली.

"सुटली!" यशोदाबाई एकदम ओरडल्या. "सुटली गं लते! आई जागच्या जागी, आन लेक बी धड!"

कुसाबाईनं त्यांना जवळजवळ ढकलून डोळा लावला. मग डोळा न काढताच हळूच म्हणाली, "असं बी वेगळं होता येतं म्हना." त्या रात्री ती यशोदाबाईंकडे मुक्कामाला राहिली. पुढच्या आठवड्यात तिनं म्हैस जिथे होती तिथे पारडू नेऊन बांधलं आणि तात्यांना सांगितलं, दूध तुम्ही घ्या, पण त्यांना एकत्र राहू द्या. तात्यांनी पारडू ठेवून घेतलं. त्यांनी पुढे पलीकडे बोअर घेतली आणि त्या विहिरीचं पाणी मात्र शेवटपर्यंत प्यायले नाहीत. यशोदाबाई दिवाळीत मळ्यावर गेल्या तेव्हा त्यांनी स्वतःहून तांब्या मागितला. तेवढं चंदर कॉलेजात येऊन सांगत होता, म्हणून मला माहीत.

लताबाईंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. कळी पुरती वाढलेली असली तरी उष्मा आला की सुटणं अडतं. कडं शेवटपर्यंत उभं असावं लागतं. परदेशात हे आधीच कुणीकुणी पाहिलं होतं, असं त्यांना नंतर कळलं. तरी त्यांनी आपला प्रबंध लिहून पूर्ण केला. १९८७ साली एका मासिकात फोटो आला. त्यात कड्यातल्या एका प्रथिनाला हिरवा उजेड लावला होता आणि कळीच्या मानेवर ते लखलखत होतं. लताबाईंनी तो फोटो वर्गात फिरवला. मी नळीतून पाहिला. आयुष्यभर जे अंगावर वागवलं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता माझे दिवस थोडे हलाखीचे आहेत. नवे विद्यार्थी नव्या यीस्टवर काम करतात. माझ्या नळीवरचं नाव पुसट झालं आहे. अन्न सुकून कडेनं आक्रसलं की मला गुदमरायला होतं, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला की वाटतं, आता ताजी नळी मिळेल किंवा नळी धुवायचं उकळतं पाणी. लताबाईंना माझी आठवण अजून राहते म्हणून मी आहे. पण आठवण राहील या भरवशावर कोणाला किती दिवस ठेवायचं?

मित्रांनो, जिवंत वस्तू कपाटात ठेवून तिच्याकडे पाठ फिरवू नका. जी अधू आहे तिच्याकडे तर मुळीच नाही, कारण ती तुम्हाला जे दाखवते ते धडधाकट दाखवत नाही. आणि कधी कुणापासून वेगळं व्हायची वेळ आली तर घाईनं ओढू नका. मधली हद्द नीट राखा, समोरच्याचा वाटा आधी पुरा होऊ द्या. मला अजून पुष्कळ सांगायचं होतं. पण आज लताबाईंनी मला नव्या नळीत घातलं आहे, आणि माझ्या अंगावर एका जागी फुगवटा आला आहे. मला थांबता येणार नाही.